बर्फाला काटा येत होता, आता येत नाही. शनिवारच्या आत मदत हवी

चोपड्याची_आई
मुलगी सातवीत आहे. शनिवारी चोपड्याला विज्ञान प्रदर्शन. विषय घेतलाय निसर्गातले बर्फाचे आकार. तक्ते तयार आहेत: अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीतून येणारा रक्तासारखा लाल धबधबा, अँडीज पर्वतात वाऱ्याने कोरलेले बर्फाचे सुळके, अमरनाथ. पण तिचा जीव अडकलाय तो आमच्या फ्रीझरमध्ये. मागच्या आठवड्यात ट्रेच्या एका खणातून बोटाच्या दोन पेरांएवढा काटा वर आला होता, तिरपा आणि टोकदार. दुसऱ्या दिवशी अजून एक. सासूबाईंनी तर हात जोडले. मॅडम म्हणाल्या, हाच टेबलावर ठेव. आणि तेव्हापासून चार दिवस ट्रे भरतोय, एकही नाही. फ्रीज तोच, ट्रे तोच, सगळं तेच. काय चुकतंय? दुसरा प्रकल्प कृपया सुचवू नका, पोरगी रडवेली झालीय.

तापीकाठ
ट्रे प्लास्टिकचा का स्टीलचा? डबल डोअर आहे का? आतला पंखा चालतो का? लाईट किती वेळ जाते? हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार ताई.

निवृत्त_फिटर
पाण्यात चिमूटभर मीठ टाका. मिठाने बर्फ कडक होतो. चाळीस वर्षं कुलरची, फ्रीजची कामं केलीत.

अमरनाथ_तीनदा
ताई, हे अमरनाथसारखंच आहे. मी तीन वेळा जाऊन आलो, पहलगामकडून दोनदा, बालटालकडून एकदा. गुहा ३,८८८ मीटरवर आहे. बालटालचा रस्ता जवळचा पण चढ अंगावर येतो, सासूबाईंना न्यायचं असेल तर पहलगाम बरा. नोंदणी लवकर करा.

भूगोल_शिकवतो
अमरनाथसारखं नाही, इथे गल्लत नको. तिथे गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं आणि खाली गोठत गोठत वर चढतं. ऑस्ट्रियातल्या आइसरीझनवेल्ट गुहेतही बर्फाचे खांब असेच उभे राहतात. ट्रेमधला काटा आतून येतो. पाणी कडेने आणि वरून गोठत येतं, मध्ये एक छोटं भोक उरतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, खाली कोंडलेल्या पाण्याला जायला दुसरी वाट नसते, ते भोकातून वर ढकललं जातं आणि भोकाच्या काठावर गोठतं. काठ उंच होत जातो, नळी तयार होते, शेवटी टोक बंद. म्हणून तो तिरपा होता, काठावरचा स्फटिक ज्या दिशेला कललेला असेल तिकडे नळी वाढते.

आणि मीठ अजिबात नको. गोठताना बर्फ क्षार बाहेर टाकतो, ते नेमके नळीच्या तोंडाशी साचतात आणि तिथलं पाणी गोठेनासं होतं. कॅलिफोर्नियात केनेथ लिब्रेख्ट यांनी हे काटे मुद्दाम वाढवून पाहिले. ऊर्ध्वपातित पाणी, उणे ७ अंशांच्या आसपासचं तापमान आणि वर खेळती हवा असेल तेव्हा ते सर्वांत जास्त येतात.

निवृत्त_फिटर
पुस्तकातलं सांगू नका. मिठाशिवाय कुल्फी जमते का?

भूगोल_शिकवतो
काका, कुल्फीत मीठ बाहेरच्या बर्फात असतं, दुधात नाही. इथे प्रश्न आतल्या पाण्याचा आहे.

स्पर्धापरीक्षा_धुळे
सियाचीन ७६ किमी, गंगोत्री ३० किमी. जगातली सर्वांत मोठी हिमनदी अंटार्क्टिकातली लँबर्ट, ४०० किमीहून लांब. तक्त्यात टाका, परीक्षक हेच विचारतात.

सातपुडा_पायवाट
एवढ्या लांब कशाला? आपल्या डाबला जा, अक्कलकुवा तालुका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं. मी हातात घेऊन पाहिलंय.

केळी_रावेर
त्याच थंडीत आमच्या बागेला चरका बसतो. रात्री पाणी भरा, बांधावर शेकोट्या पेटवा. यंदा नवी लागवड कोणाची आहे?

तापीकाठ
केळीचा धागा वेगळा काढा हो. ताई, पाणी कोणतं ते सांगा.

चोपड्याची_आई
पाणी साधंच, प्यायचं. ट्रे प्लास्टिकचा, डबल डोअर, पंखा चालतो. लाईट रात्री जात नाही.

भूगोल_शिकवतो
प्यायचं म्हणजे नळाचं, बोअरचं का जारचं?

चोपड्याची_आई
आधी जारचं होतं. शनिवारपासून जारवाला आलाच नाही, लग्नसराई चालू आहे. म्हणून बोअरचं उकळून, गाळून भरतोय. उकळल्यावर तेच ना?

तापीकाठ
आता कळलं! भो, आमना गावमा बोअरनं पानी एवढं जड शे की पातेल्याला पांढरा थर बसतो. उकळून सगळे क्षार जात नाहीत. जारचं आरओचं असतं, त्यातून ते बरेच निघालेले असतात. जार आणा.

भूगोल_शिकवतो
जार नाही मिळाला तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालेल, गॅरेजवर मिळतं. बर्फ खायला मात्र देऊ नका. सगळे खण भरा, प्रत्येकात काटा येईलच असं नाही. ट्रे पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि सारखं दार उघडून बघू नका.

एक दुरुस्ती: अँडीजचे सुळके वाऱ्याने कोरलेले नाहीत. त्यांना पेनितेन्तेस म्हणतात, टोकदार टोप्या घालून मिरवणुकीत चालणाऱ्या पश्चात्तापी भक्तांवरून. डार्विनने १८३५ मध्ये अँडीज ओलांडताना पाहिले होते. तिथली हवा इतकी कोरडी की उन्हात बर्फाची थेट वाफ होते. जिथे जरा खोलगट, तिथे ऊन एकवटतं, खड्डा आणखी खोल होतो, मधले सुळके उरतात. माणसाच्या उंचीचेही असतात. तेवढी ओळ बदलून घ्या.

वर्गातली_मागची_बाक
लाल धबधबा खरंच रक्तासारखा? शेवाळ असतं ना ते?

भूगोल_शिकवतो
१९११ मध्ये ग्रिफिथ टेलर यांना तो सापडला तेव्हा त्यांनाही शेवाळच वाटलं होतं. खरं तर हिमनदीखालचं अतिखारट, लोहयुक्त पाणी बाहेर येऊन हवेतल्या ऑक्सिजनने गंजल्यासारखं लाल होतं.

चोपड्याची_आई
गुरुवार रात्र. शेजारून दोन लोटे जारचं पाणी आणलं. चौदा खणांतून दोन काटे! एक छोटा, एक चांगला करंगळीएवढा. पोरगी झोपायला तयार नाही. ओळही खोडून नवी लिहिली. आता गावाहून चोपड्यापर्यंत तासभर एसटीत कसं न्यायचं?

निवृत्त_फिटर
आता माझं ऐका. थर्माकोलचा डबा घ्या. तळाशी फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, कुल्फीवाले करतात तसं. त्यावर प्लास्टिक, मग ट्रे. मीठ ट्रेला लागू देऊ नका. ट्रे आडवा धरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा.

भूगोल_शिकवतो
हे बरोबर आहे. तिथे पोहोचेपर्यंत उघडू नका.

चोपड्याची_आई
डबा औषधाच्या दुकानातून मिळाला. पोरगी म्हणते बोअरच्या पाण्याचा सपाट ट्रेही न्यायचा, शेजारी ठेवायला. दोन्ही बसतील एवढी जागा आहे.