बेलेकच्या शर्यतीसाठी वेटसूट घ्यावा का?

करंज्याची लेक

नमस्कार मंडळी. मी नेरुळला राहते, वय ४६, शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून तुर्कस्तानात बेलेकला आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन करायची ठरवली आहे. पहिलीच. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. सायकल आणि पळण्याची मला धास्ती नाही. पाम बीच रोडवर पहाटे साडेचारला निघायचं, बेलापूरपर्यंत जाऊन वाशीला वळायचं, हे गेली चार वर्षं चालू आहे. अडलंय ते पाण्यात.

माझं माहेर उरणजवळ करंजा. वडिलांची मासेमारीची बोट होती. पण जेट्टीवरून उड्या मारायचे ते मुलगे, आम्ही मुली काठावर मासळी निवडत बसायचो. मी पोहायला शिकले अडतिसाव्या वर्षी, पंचवीस मीटरच्या पूलमध्ये, माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर. आता पूलमध्ये १९०० मीटर, म्हणजे ७६ फेऱ्या, ६१ मिनिटांत होतात. कट-ऑफ, म्हणजे पोहून बाहेर येण्याची शेवटची मुदत, ७० मिनिटांची आहे.

डिसेंबरात करंज्याला खाडीत उतरले. भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, पाण्याला ओढ कमी असते ते, भरती थांबायची वेळ, बाबा शेजारी होडीत. कमरेला नारंगी फ्लोट. आपल्या पाण्यात गाळ किती असतो ते माहीत आहेच, कोपरापुढचा स्वतःचा हात दिसत नाही. दोनशे मीटरवर छाती भरून आली, श्वास लागेना, ब्रेस्टस्ट्रोकवर आले. असं पाच वेळा झालं. एक किलोमीटरला ३९ मिनिटं लागली. त्याच वेगाने १.९ ला ७४.

बेलेकचं पाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला २२-२३ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चालण्याची शक्यता बरीच. ग्रुपमधले सगळे म्हणतात घेऊन टाक, तरंगशील, वेगही वाढेल. तीस हजारांच्या घरातली वस्तू आहे आणि इथे तिचा रोजचा उपयोग नाही. बाबा म्हणतात, पाण्यात अंगावर जितकं कमी तितकं बरं. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया खरं काय ते सांगा.

घोडबंदरचा_सायकलस्वार

ताई, आधी नियम. आयर्नमॅनच्या शर्यतीत पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट एज ग्रुपला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या हौशी स्पर्धकांना, चालतो. त्याच्या वर २८.८ पर्यंत घालायला मिळाला तरी बक्षीस किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिपची जागा मिळत नाही. २८.८ च्या वर पूर्ण बंदी. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली होणाऱ्या छोट्या शर्यतींचे आकडे वेगळे, तिथे १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात एज ग्रुपला २२ अंशांवरच बंदी येते. त्यामुळे कुणी 'परवानगी असते' किंवा 'नसते' असं म्हणालं की कुठली शर्यत ते आधी विचारा.

निर्णय शर्यतीच्या सकाळी होतो. आदल्या आठवड्यात २३ असलेलं पाणी चार दिवस ऊन पडलं तर २४ च्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे बेलेकला बॅगेत वेटसूट असला तरी तो अंगावर असेल याची खात्री नाही. मी २०१९ ला गोव्यात मिरामारला पहिली ७०.३ केली, तिथे समुद्र इतका कोमट की हा प्रश्नच आला नाही. नंतर युरोपात १८ अंशांच्या पाण्यात उतरलो तेव्हा वेटसूट नसता तर मी पूर्ण केलं नसतं.

फायदा खरा आहे. निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या रबरात, वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते कंबर आणि पाय वर उचलतात. ज्याचे पाय बुडतात त्याला सर्वांत जास्त फरक पडतो. माझा शंभर मीटरमागे दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो.

आता तुमचाच हिशेब करू. १२ सेकंद गुणिले १९ म्हणजे २२८ सेकंद, पावणेचार मिनिटांच्या आसपास. ७४ मधून वजा केले तर ७० ला जेमतेम पोचता. तुमची मिनिटं जातायत ती त्या पाच थांब्यांमध्ये. एकेक थांबा किती लांबला ते होडीतून मोजायला सांगा.

वाशी_सेक्टर_१७

मी डॉक्टर आहे, स्वतःही पोहते. वरच्या प्रतिसादात एक भर.

छाती भरून येणं ही गोष्ट वेटसूटने कमी होईल असं गृहीत धरू नका. सूट छातीला आणि गळ्याला घट्ट बसतो. घाबरलेल्या माणसाला तो दाब श्वास कोंडल्यासारखा वाटतो. शर्यतीत, आजूबाजूला शंभर हातपाय आपटत असताना, पहिल्यांदा सूट घालणारे लोक सुरुवातीच्या तीनशे मीटरमध्येच होडीला धरतात. तुम्हाला रक्तदाब असेल, किंवा पोहताना खोकला येऊन फेसाळ, गुलाबी थुंकी पडली असेल, तर आधी तपासणी करून घ्या. ते घाबरण्याचं लक्षण नाही, फुप्फुसात पाणी साठण्याचं असू शकतं.

दुसरं उष्णतेचं. आपल्या समुद्रात सरावासाठी पूर्ण सूट घालून तासभर पोहू नका. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट हवी असते, निओप्रीन ती अडवतं. गरम पाणी काय करतं याचं उदाहरण पोहण्याच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेचा फ्रान क्रिपन २०१० मध्ये अमिरातीतल्या फुजैराला १० किलोमीटरच्या शर्यतीत पोहताना मरण पावला. वय २६, जगातल्या उत्तम पोहणाऱ्यांपैकी एक, आणि त्याच्या अंगावर वेटसूट नव्हता. त्यानंतर खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची वरची मर्यादा आली. मार्च-एप्रिलमध्ये करंज्याला सूट घालून बघायचा असेल तर पंधरा मिनिटं बघा, गळ्याशी सूट ओढून आत पाणी घ्या आणि बाहेर या.

तुमचे दोनशे मीटर पाण्यात शिरल्या शिरल्या होतात की थोडं थांबून सुरू करता?

करंज्याची लेक

डॉक्टर, रक्तदाब नाही, थुंकीचंही काही नाही. थांबत नाही हे मात्र खरं. होडीतून उतरले की लगेच फ्रीस्टाइल सुरू करते, कारण थांबले तर खाली काय आहे याचा विचार येतो.

सायकलस्वार, तुमचा गुणाकार वाचून मी वही काढली. बाबांना घड्याळ दिलं. पाच थांबे मिळून सहा मिनिटं चाळीस सेकंद. वेटसूट जितकी मिनिटं देईल त्याच्या जवळपास दुप्पट मी थांबण्यात घालवते आहे. शिवाय बोया (दिशा दाखवणारे तरंगते फुगे) न बघता पोहून वाकडी जाते, ते वेगळंच.

भाऊचा_धक्का_१९७१

मी खाडीत आणि समुद्रात पोहतोय त्याला पन्नास वर्षं झाली, वेटसूट कधी घातला नाही. आमच्या वेळी तो मिळत नव्हता म्हणून नाही, तर इंग्लिश खाडीचा नियम डोक्यात होता. तिथे साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, एवढंच. १९५८ ला मिहिर सेन, १९५९ ला आरती साहा त्या गार पाण्यातून तसेच पार झाले. आपल्या पुण्याचा रोहन मोरे 'ओशन्स सेव्हन' म्हणतात त्या जगातल्या सातही अवघड सामुद्रधुन्या तशाच पोहला.

ही वेगळी परंपरा आहे, तुमच्या शर्यतीत नियम परवानगी देत असेल तर सूट घालण्यात कमीपणा नाही. पण पोरी, पाणी ओळखण्याचं काम कपडा करत नाही. तुझ्या बाबांना ते माहीत आहे म्हणून ते तसं बोलले. पुढच्या वेळी होडीची कड धरून पाच मिनिटं नुसती उभी राहा. तोंड पाण्यात घाल, सगळी हवा सोड, वर ये. वीस वेळा. खाली दिसत नाही, दिसणारही नाही, त्या अंधाराकडे डोळे उघडे ठेवूनच श्वास सोडायचा. मग पन्नास हात मार आणि परत ये.

घोडबंदरचा_सायकलस्वार

काकांचं पटलं. तरीही ताईंनी एकदा घालून बघावा असं मला वाटतं, न बघता निर्णय नको. माझ्या पत्नीचा ट्रायथलॉनचा सूट आहे, मापाने चालेल. जानेवारीत पवना धरणाचं पाणी सकाळी चांगलंच गार असतं, तिथे घाला. डायव्हिंगचा किंवा सर्फिंगचा सूट कुणी देऊ केला तर घेऊ नका, त्यात खांदे फिरत नाहीत.

घालायला पंधरा मिनिटं ठेवा. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सूट चढवा म्हणजे सरकतो. नखांनी ओढू नका, निओप्रीन फाटतं, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरा. जांघेपर्यंत पूर्ण वर घ्या, तिथे सैल राहिला तर सगळा ताण खांद्यावर येतो. मानेला वंगण लावा, पण पेट्रोलियम जेलीचं नाही, त्याने सूट खराब होतो. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन, उलटा करून सावलीत वाळवा. आपल्या दमट हवेत ओला ठेवला तर बुरशी धरते.

करंज्याची लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पवनेला गेलो. सूट चढवायला बावीस मिनिटं लागली. पाण्यात पहिली पाच मिनिटं अत्यंत वाईट गेली, डॉक्टरांनी सांगितलं तसंच, गळ्याशी कुणीतरी हात धरल्यासारखं. मी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वीस वेळा श्वास सोडला. मग शांत झाले. पाय खरोखर वर आले, इतके की मी ब्रेस्टस्ट्रोकवर गेले तेव्हा लाथ हवेत जायला लागली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्यासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट ठरली, कारण घाबरल्यावर माझा आधार ब्रेस्टस्ट्रोक आहे आणि सूटमध्ये तो आधार नीट चालत नाही. फ्रीस्टाइलला मात्र मजा आली. एक किलोमीटर ३४ मिनिटं, दोन थांबे. मानेची डावी बाजू सोलवटली, श्वास त्याच बाजूला घेते म्हणून.

पुढच्या रविवारी करंज्याला, सूटशिवाय. आधी होडीची कड धरून उभी राहिले. डोळे उघडे. तपकिरी, मग काळं, मग काहीच नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला पाण्याच्या खारटपणाकडे लक्ष गेलं आणि लहानपणी बाबांच्या सदऱ्याला यायचा तो वास आठवला. मग पोहले. एक किलोमीटर ३५ मिनिटं, एक थांबा, तोही गॉगलमध्ये पाणी शिरलं म्हणून.

दोघांत एका मिनिटाचा फरक. तळं वेगळं, खाडी वेगळी, त्यामुळे हा प्रयोग काटेकोर नाही हे मला कळतं. पण सूट नसला तर बेलेकला उतरणारच नाही, असं जे मनात होतं ते गेलं.

असं ठरवलंय: १ जूनला मासेमारी बंद होते, पाणी खवळतं, बोटी वर ओढतात. त्याच्या आत करंज्याला पूर्ण १.९ सूटशिवाय, ७० मिनिटांच्या आत करायचं. ते जमलं तर पावसाळ्यात पूलमध्ये वेग वाढवायचा आणि सप्टेंबरात सूट घ्यायचा, म्हणजे तिथलं पाणी गार निघालं तर तयारी असेल आणि २४.५ च्या वर निघालं तरी रडू येणार नाही. नाही जमलं तर नोव्हेंबर पुढच्या वर्षावर ढकलणार, सूट घेऊन वेळ भरून काढणार नाही. सायकलस्वार, तुमच्या पत्नीचा सूट धुऊन वाळवलाय, शनिवारी वाशी स्टेशनला देते.

बाबांनी पंचांगातून पुढच्या चार अष्टम्यांच्या तारखा काढून भिंतीवर लावल्या आहेत.