गुरुवार धरा, भाषणं आवरा

उद्योजकांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून भरवलेला मेळावा मोठा वक्ता आणला की जमतो, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्याजवळच्या भोसरीत आम्ही छोट्या कारखानदारांच्या भेटी भरवतो. वार गुरुवारच, कारण इथल्या एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी. इतर वारी मालक मशीन सोडून येत नाही, आला तरी लक्ष फोनकडे.

पहिल्या खेपेला दीड तास भाषणं ठेवली. जेवताना जो तो आपल्याच घोळक्यात. फार वाईट वाटलं. आता वीस मिनिटांत भाषण संपवतो आणि खुर्च्या उचलतो, म्हणजे लोक फिरून एकमेकांशी बोलतात. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली दोनच ओळी: 'काय देतो' आणि 'काय हवंय'. एका स्प्रिंगवाल्यांनी 'काय हवंय'पुढे 'झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) करून देणारा' असं लिहिलं होतं. चहा संपायच्या आत दोघं त्यांच्यापुढे उभे!

दारात मात्र नवख्याला आत नेऊन चार जणांशी गाठ घालून देणारा माणूस हवाच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा ओळखींचं मोल मांडलं होतं: नवी माहिती घट्ट मित्रांपेक्षा जुजबी ओळखींतून येते. आणि दुसऱ्या दिवशी, ज्यांची हरकत नाही त्यांचे नंबर सगळ्यांना पाठवा. आठवडा गेला की चेहरे विसरतात.