जंभेरीच्या नवतीवर चांदीसारख्या रेघा: नागअळी की माशी?

रोपवाटिका_काटोल_रोड
नागपूरजवळ संत्र्याच्या खुंटासाठी (ज्यावर संत्र्याची कलम बांधतात) जंभेरीची, म्हणजे एका जातीच्या लिंबाची, रोपं लावली आहेत. नवतीच्या, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीच्या, पानांवर चकचकीत नागमोडी रेघा आल्या, काही पानं वळली. नागअळी की पानं पोखरणाऱ्या माशीची अळी, कसं ओळखायचं? फवारावं का?

भिंगधारी
भाऊ, पान उन्हाकडे धरून रेघेच्या मधोमध बघा. विष्ठेचा काळसर दोरा मधून सलग गेला असेल तर नागअळी, म्हणजे फायलोक्निस्टिस सिट्रेला या छोट्या पतंगाची अळी. माशीच्या अळीची विष्ठा बहुधा रेघेच्या दोन्ही कडांना आलटून-पालटून पडते.

अळी रेघेच्या रुंद टोकाला असते. तिथला पापुद्रा सुईनं अलगद उचला नि १० पटीच्या भिंगातून पाहा. पायांवरून ठरवू नका, पाय दोघींनाही नसतात. डोकं बघा: नागअळीचं चपटं, तपकिरी; माशीच्या अळीला डोकं दिसतच नाही, नुसते काळे आकडे.

नवती
पतंगही बघून घ्या. नागअळी पानाची कड दुमडून आत कोष करते. तसं पान पारदर्शक डबीत ठेवा, तळाला टिपकागद जेमतेम ओलसर. पाणी साचलं की बुरशी येते नि कोष मरतो. पतंग पंख पसरून जेमतेम ४ मिमी, रुपेरी पांढरा, पुढच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका. बोट लावू नका, खवले झडून ठिपका जातो. पतंगाऐवजी इवलीशी गांधीलमाशी निघाली, तर तो नागअळीवर जगणारा मित्रकीटक. मग फवारणीची घाई अजिबात नको.

पान वळलंय पण रेघ नाही? मग मावा किंवा सिला हे रस शोषणारे किडे शोधा.

रोपवाटिका_काटोल_रोड
दोरा मधोमधच आहे, कडाही दुमडल्या आहेत. आता?

भिंगधारी
म्हणजे या पानांचं नुकसान होऊन गेलं. अळी पापुद्र्याखाली, त्यामुळे वरवरचं स्पर्शजन्य औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पुढची नवती सांभाळा. अंडी कोवळ्या पानावरच घातली जातात, पान जून झालं की धोका सरला. फूट बोटभर असताना ५ टक्के निंबोळी अर्क मारा: ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण. संध्याकाळी, पानांच्या खालूनसुद्धा. युरिया आवरा, नाहीतर कोवळी फूट येतच राहते.

शेजारी कागदी लिंबू असेल तर तिकडे आधी जा. रेघांच्या जखमांतून खैऱ्या (जिवाणूंमुळे होणारा रोग) शिरतो.