टीव्हीचं बिल: कंपनीशी घासाघीस करावी, की कनेक्शनच बंद करावं?

मंदाकिनी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्याकडे टीव्हीच्या बिलावरून चांगलीच वादावादी झाली. मुलीचं म्हणणं, कनेक्शन बंद करून टाका आणि स्ट्रीमिंगवर या, सगळे तेच करतायत. मी बंद करायच्या तयारीनंच फोन लावला. पाऊण तासानं फोन ठेवला तेव्हा कनेक्शन चालूच होतं, पण बिल जवळजवळ एक तृतीयांशानं उतरलं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: आधी बोलून बघावं, तोडायचं ते नंतर.

फोन करण्याआधी मी एक काम केलं, आणि खरा फायदा त्यानंच झाला. बिल ओळ न् ओळ वाचलं. तीन वर्षांपूर्वी घेतलेली सुरुवातीची सवलत बारा महिन्यांनी संपली होती, त्यानंतर आम्ही पूर्ण दर भरत होतो. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून त्याच्या खोलीतला बॉक्स कुणी चालूही केलेला नाही, त्याचं भाडं दर महिन्याला जात होतं. रेकॉर्डिंगच्या सोयीचे पैसे वेगळे, सिनेमांचा एक जादा पॅक वेगळा. म्हणजे कंपनीशी एक शब्द बोलायच्या आधीच बिलाचा मोठा हिस्सा आमच्या दुर्लक्षाचा निघाला.

फोनवर पहिल्या मुलीनं सरळ सांगितलं, "यात काही कमी होणार नाही." मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "मग कनेक्शन बंद करायची विनंती नोंदवून घ्या." लगेच फोन दुसऱ्या विभागाकडे गेला. निघालेल्या गिऱ्हाइकाला थांबवणं हेच त्या विभागाचं काम, त्यामुळे सवलत द्यायचे अधिकारही त्यांच्याकडे असतात. पहिल्या मुलीच्या हातात खरंच काही नव्हतं, तिच्यावर चिडून काय मिळालं असतं?

कंपनी कुठे वाकते तेही ध्यानात आलं. चॅनलवाल्यांना तिला दर घरामागे पैसे मोजावे लागतात, तिथे ती फारशी हलत नाही. बॉक्सचं भाडं, दुसरं कनेक्शन, जोडसेवा हे तिच्या हातातलं असतं. म्हणून नुसतं "कमी करा" म्हणू नका, अमुक एक ओळ काढा म्हणा. आणि फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराच: हा दर किती महिने, नंतर किती होणार, आणि या सवलतीच्या बदल्यात मी नव्या करारात अडकत्येय का. उत्तर मेलवर मागा.

तुमचं काय मत?

पैलतीर

मंदाकिनीताई, बिल वाचण्याबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याला माझा ठाम विरोध आहे.

तुम्हाला मिळालेली सवलत कंपनीकडे कालही होतीच. तुम्ही निघाल्याशिवाय ती काढायची नाही, असं तिचं धोरण आहे. म्हणजे त्याच चॅनलसाठी, त्याच सिग्नलसाठी, बोलता येणाऱ्याला एक भाव आणि गप्प बसणाऱ्याला दुसरा. पंधरा वर्षं मुकाट्यानं बिल भरणारा माणूस सर्वांत जास्त पैसे देतो. निष्ठेची ही किंमत लावणाऱ्याशी मी घासाघीस का करत बसू? माझं कनेक्शन मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं.

शिवाय बारा महिन्यांनी तुम्हाला पुन्हा तोच फोन, तोच पाऊण तास. स्ट्रीमिंगमध्ये मला नको असेल तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मी बंद करतो, कुणाला कारण सांगावं लागत नाही.

रोजमेळ

पैलतीर, स्ट्रीमिंग स्वस्त आहे हे गृहीत धरून तुम्ही बोलताय. जिथे हा धंदा वाढला त्या अमेरिकेतले आकडे बघू. यूट्यूब टीव्ही, म्हणजे इंटरनेटवरून थेट टीव्ही चॅनल दाखवणारी सेवा, २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर ८२.९९ डॉलर झाला. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये ६.९९ डॉलरला आलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहिरातींशिवायचा त्याचा प्लॅन १३.९९ डॉलरवर पोचला. चार वर्षांत दुप्पट!

नेटफ्लिक्सनं स्ट्रीमिंग सुरू केलं २००७ मध्ये. कित्येक वर्षं जाहिरात नाही हीच त्याची ओळख होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा प्लॅन आला. २०२३ मध्ये घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर बंधनं आली. आधी स्वस्तात सवय लावायची, मग भाव वाढवायचा आणि जाहिराती घुसवायच्या. केबलनं जे तीस-चाळीस वर्षांत केलं ते यांनी पंधरा वर्षांत करून दाखवलं. आणि इथे तर घासाघीस करायला फोनच्या पलीकडे माणूसही नसतो.

पैलतीर

@रोजमेळ, आकडे मान्य. पण एक फरक तुम्ही सोडून दिलात. केबलचा भाव वाढला की पूर्ण गठ्ठ्याचा वाढतो, नको असलेल्या दीडशे चॅनलसकट. स्ट्रीमिंगचा भाव वाढला तर मी ते एक बंद करतो. आमच्या घरात एका वेळी एकच सेवा चालू असते. दोन महिने एक, त्यावरचं पाहायचं ते पाहून झालं की बंद, मग दुसरी. पैसे भरले त्याच दिवशी ऑटो-रिन्यू काढून टाकतो, मुदत संपेपर्यंत पाहता येतंच. वर्षाचा प्लॅन कधी घेत नाही, कितीही स्वस्त दिसला तरी. वर्षाचा प्लॅन म्हणजे पुन्हा अडकणं.

पाच सेवा एकदम चालू ठेवून "स्ट्रीमिंग महाग आहे" म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी केबल सोडलेली नसते, पाच तुकड्यांत पुन्हा विकत घेतलेली असते.

रोजमेळ

शिस्तीच्या माणसाचं गणित जमतं, हे मला मान्य आहे. पण घरात चार माणसं असली की "या महिन्यात कुठली?" यावर एकमत होत नाही. आमच्याकडे तीन सेवा चालू आहेत आणि त्यातली एकही बंद करायची म्हटली की कुणाची तरी मालिका अर्धवट असते.

तिसरी_घंटा

आतापर्यंत कुणी खेळांचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. माझ्यासाठी सगळा वाद तिथेच सुटतो.

थेट सामना आणि सिनेमा यांत मूळ फरक आहे. टीव्हीचं प्रक्षेपण म्हणजे एकच सिग्नल. हजार जणांनी पाहिला काय आणि कोटी जणांनी पाहिला काय, त्याच्यावर ताण येत नाही. स्ट्रीमिंगमध्ये दर घराला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो, सगळे एकाच क्षणी आले की दम निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सवर थेट होती, तेव्हा चित्र अडकल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत.

आणि उशीर! स्ट्रीमिंगचं चित्र प्रक्षेपणाच्या कित्येक सेकंद मागे असतं. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर अजून चेंडू हवेतच. ज्यानं हे एकदा भोगलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

त्यात हक्क विभागलेले. एक स्पर्धा एका ॲपवर, दुसरी दुसऱ्यावर. खेळ पाहणाऱ्यानं केबल ठेवावी आणि ताईंनी सांगितलं तसं बिल कमी करून घ्यावं.

शेवंता

@तिसरी_घंटा, तुमच्या खेळांचे पैसे आम्हीच भरत आलोय, हेही लिहा ना! खेळांची चॅनल गठ्ठ्यातली सर्वांत महाग. मी आयुष्यात एक सामना पूर्ण पाहिलेला नाही, तरी वर्षानुवर्षं त्याचा वाटा माझ्या बिलात होता. खेळांची चॅनल चालवणाऱ्या ईएसपीएननं ऑगस्ट २०२५ मध्ये केबलशिवाय स्वतंत्र सेवा काढली, तेव्हा तिचा दर अमेरिकेत महिना २९.९९ डॉलर होता. खेळ पाहणाऱ्यांनी एकट्यानं उचलायचं म्हटल्यावर ते ओझं केवढं दिसतं बघा.

तिसरी_घंटा

खरं आहे. पण मग तुमच्या सिनेमांच्या आणि मालिकांच्या चॅनलचे पैसे आम्हीही भरले की. गठ्ठा म्हणजे दोन्ही बाजूंनी वर्गणी.

कवडसा

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा विषय फार जवळचा आहे.

आम्ही गेल्या वर्षी कनेक्शन बंद केलं. हिशेबाच्या दृष्टीनं निर्णय अगदी बरोबर होता. घरात माझे सासरे आहेत, वय ७८. त्यांना चॅनलचे नंबर पाठ होते. सकाळी बातम्या, दुपारी जुनी गाणी, संध्याकाळी कीर्तन. बटण दाबलं की समोर हजर. स्ट्रीमिंगवर आधी प्रोफाइल निवडा, मग ॲप, मग शोधा, मधेच "अजून पाहताय का?" असा प्रश्न. पहिला आठवडा ते आम्हाला हाक मारत होते. मग हाक मारणं बंद झालं. आम्हाला वाटलं, जमलं त्यांना. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की ते टीव्ही लावतच नाहीत, खिडकीशी नुसते बसून असतात. विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला सारखं उठवायचं बरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांत लहान पॅक घेऊन कनेक्शन पुन्हा सुरू केलं. तो खर्च मी बचतीच्या हिशेबात धरत नाही.

पैलतीर

कवडसा, वाचून गलबललो. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, यात वाद नाही.

फक्त ज्येष्ठांना जमतच नाही असं सरसकट कुणी धरू नये. माझी आई ७४ वर्षांची आहे. तिच्यासाठी मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून टीव्हीशेजारी चिकटवला, नको ती ॲप काढून टाकली आणि रिमोटशी बोलून शोधायला शिकवलं. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसलो, तीन आठवडे लागले. आता ती मला नवीन काय आलंय ते सांगते. कुणीतरी बसून शिकवायला हवं, तेवढं झालं तर जमतं.

कवडसा

तीन आठवडे रोज बसलात, हे मोठं आहे. आम्ही एका दुपारी दाखवलं आणि झालं असं समजलो. आमची चूक तिथे झाली, कबूल.

जोडतोड

एक मुद्दा राहिलाय. बचतीच्या आकड्यात तो न धरल्यामुळे मी फसलो होतो. टीव्ही आणि इंटरनेट एकाच कंपनीचं असेल तर टीव्ही काढल्याबरोबर इंटरनेटचा दर वाढू शकतो, कारण एकत्र घेतल्याची सवलत जाते. माझी निम्मी बचत अशीच गेली. बंद करण्याआधी विचारा, "नुसत्या इंटरनेटचा दर किती?"

दुसरं, डेटा. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-के ला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला तीन तास एचडी धरलं तर महिन्याला २७० जीबी, तेही एका टीव्हीचं. प्लॅनला मर्यादा असेल तर हा आकडा आधी मांडा. वेग मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. त्यांच्याच म्हणण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-के ला १५ पुरतात. एकाच टीव्हीसाठी ३०० चा प्लॅन कशाला?

शेवंता

आणि किंमत विचारताना "सगळं धरून किती?" असंच विचारा. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा यांत इतका फरक पडायचा की अमेरिकेत २०२४ मध्ये एफसीसीला, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाला, नियम करावा लागला: केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांनी चॅनलसाठी लागणारे सगळे आकार मिळवून एकच आकडा ठळक दाखवायचा.

मंदाकिनी (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद वाचले. पैलतीर, तुमचं ते गप्प बसणाऱ्याला जास्त भाव लावण्याबद्दलचं वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. माझी मावशी एकटी राहते, फोनवर वाद घालणं तिच्या स्वभावातच नाही. काल तिच्याकडे गेले, बिल काढलं. दोन बॉक्स, एकच टीव्ही. दुसरा टीव्ही सहा वर्षांपूर्वी बिघडला तेव्हा टाकून दिला होता. सहा वर्षं त्या बॉक्सचं भाडं ती भरत होती.

कनेक्शन तिच्या नावावर म्हणून तिला शेजारी बसवूनच फोन केला. बॉक्स काढला, वर दरही कमी झाला. मागचे पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत. त्याचा मला अजून राग आहे, आणि त्याबाबतीत मी आता तुमच्या बाजूची आहे.

तरी माझं मत बदललेलं नाही. मावशीला तिची चॅनल हवीत आणि ती तिला कमी पैशांत मिळाली. तुमच्या सल्ल्यानं तिला सगळं बंद करायला लावलं असतं तर कवडसा यांच्या सासऱ्यांसारखं झालं असतं.

पैलतीर

मावशींच्या बाबतीत तुम्ही बरोबर. तुमच्या स्वतःच्या घराचं काय? बारा महिन्यांनी पुन्हा फोन?

मंदाकिनी (धागाकर्ती)

तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, संपण्याच्या पंधरा दिवस आधीची. तोवर घरात कोण काय पाहतं ते वहीत लिहितोय. मुलीच्या आणि माझ्या यादीत आतापर्यंत फक्त दोन चॅनल सारखी आली आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी मी कदाचित तुमच्या बाजूला असेन.

जोडतोड

ताई, मावशींचा बॉक्स परत करताना पावती घ्या आणि त्यावर बॉक्सचा नंबर लिहून घ्या. मी घेतली नव्हती, चार महिन्यांनी "बॉक्स जमा नाही" म्हणून बिल आलं होतं.

मंदाकिनी (धागाकर्ती)

बरं झालं सांगितलंत. उद्याच जाणार आहे. नंबरचा फोटो काढून ठेवते.