शेखिता, भूल आणि बेल्जियम: जनावराची दया नेमकी कुणाला आली?

उंबरठा

बेल्जियमच्या फ्लँडर्स आणि वॉलोनिया या दोन्ही प्रांतांत २०१९ पासून जनावराला आधी भूल दिल्याशिवाय कापता येत नाही. ज्यूंची शेखिता, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे जनावर कापायची पद्धत, आणि मुसलमानांचं हलाल, दोन्ही त्यात सापडलं. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं, तिथे डिसेंबर २०२० मध्ये कायदा टिकला. मग स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं, तिथेही फेब्रुवारी २०२४ मध्ये एकमताने टिकला. माझ्या मते दोन्ही निकाल चुकले. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा बाजूला ठेवा, मी जनावराच्या बाजूनेच बोलतोय.

ज्या परंपरेला आज युरोप क्रूर ठरवतोय तिच्यात जनावरांबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहू. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल आणि गाढव यांनाही सुट्टी (निर्गम २३). वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तोंड फिरवून जायचं नाही, हात लावायचा. मळणीच्या बैलाला मुसकं बांधायचं नाही (अनुवाद २५), म्हणजे पायाखालच्या धान्यात त्याने तोंड घातलं तर घालू द्यायचं. आपल्याकडे खळ्यावर बैल फिरवलेल्यांना यातली गंमत कळेल, कारण मुसकं न बांधणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. गाय आणि तिचं वासरू एका दिवशी कापायचं नाही. तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ त्याच्याही पुढे जाऊन सांगतो की गोठ्यातल्या जनावराला वैरण घातल्याशिवाय मालकाने जेवायला बसू नये. युरोपात बैल आणि अस्वलं कुत्र्यांकडून फाडून घेण्याचे खेळ रंगायचे, त्याच्या कितीतरी शतकं आधीचं हे आहे.

आता सुरी. शेखिता करणारा शोखेत शिकून, परीक्षा देऊन तयार होतो. त्याच्या सुरीला, म्हणजे खालाफला, टोक नसतं. कापण्याआधी तो तिची धार बोटाच्या मांसावर आणि नखावरून हळू फिरवून बघतो. नखाला केसाएवढी खाच जाणवली तरी ती सुरी बाद. कापून झाल्यावर पुन्हा बघायचं, आणि तेव्हा खाच सापडली तर ते मांस बाद. कापताना हात थांबला, सुरी दाबली गेली, कातड्याखाली झाकली गेली, जागा चुकली किंवा नळी फाटून आली, तर या पाचांपैकी एकानेही जनावर खायच्या लायकीचं राहत नाही. हे नियम करणाऱ्यांना वेदनेची पर्वा नव्हती असं म्हणणाऱ्याने एकदा आपल्या नाक्यावरच्या चिकनच्या दुकानात उभं राहून बघावं.

आणि याच बेल्जियममध्ये शिकार चालते. रानडुकराला गोळी घालताना भूल कोण देतं? न्यायालयात हा प्रश्न आलाच होता. उत्तर काय, तर शिकारीतून मांस किरकोळच निघतं. डुकरांना कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत सोडतात, तिथे ती श्वासासाठी धडपडतात, आणि त्याला कायद्यात ‘भूल’ म्हणतात. उलट गोळीने मारलेलं हरीण ज्यूला खाताच येत नाही. प्रागचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येखेझ्केल लांडाऊ यांना अठराव्या शतकात एका धनिकाने विचारलं, माझ्या जंगलात मी शिकार करू का? त्यांचं उत्तर असं की धर्मग्रंथात शिकारी म्हणून दोघेच भेटतात, निम्रोद आणि एसाव; अब्राहाम, इसहाक, याकोबाच्या वंशजाला हा छंद शोभत नाही.

---

तिखटमीठ

लेख वाचनीय, तर्क लंगडा. शिकार वाईट, डुकरांचा वायू वाईट, म्हणून हेही चालू द्या? मग काहीच कधी सुधारायला नको.

शरीरशास्त्र बघा. मेंढीचा गळा नीट कापला तर मेंदूचा रक्तपुरवठा लगेच तुटतो आणि ती काही सेकंदांत शुद्ध हरपते. गुरांचं तसं नाही. त्यांच्या मणक्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूला रक्त देत राहतात, त्या गळ्याच्या कापात येतच नाहीत. त्यामुळे बैल बराच वेळ शुद्धीवर राहू शकतो, मग सुरी नखावर कितीही घासलेली असो. हे मोजलेलं आहे.

फ्लँडर्सचा कायदाही तुम्ही अर्धाच सांगितलात. धार्मिक कत्तलीसाठी तिथे उलटवता येणारी भूल ठेवली आहे: विजेचा असा झटका की जनावर कापलं नाही तर ते पुन्हा उठून उभं राहील. म्हणजे ते सुरीनेच मरतं. आता अडचण कुठे आहे?

---

उंबरठा

@तिखटमीठ, अडचण हलाखात, म्हणजे त्यांच्या धर्मशास्त्रात आहे. सुरी लागेपर्यंत जनावर धडधाकट असलं पाहिजे. मेंदूला इजा झालेलं जनावर त्रेफा, म्हणजे बाद. आणि हा प्रश्न कुणी झटकून टाकलेला नाही. एप्रिल १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने पहिल्या काही महिन्यांतच भुलेशिवाय कत्तलीवर बंदी घातली. तेव्हा बर्लिनचे रब्बी येखिएल याकोव्ह वाइनबर्ग यांनी विजेच्या भुलेला वाट काढता येईल का, यावर भलंमोठं विवेचन लिहिलं आणि इतर देशांतल्या जाणत्या रब्बींना पाठवलं. माणूस वाट शोधत होता. समाजाला मांस मिळत नव्हतं, डोक्यावर नाझी बसले होते. तरीही परवानगी निघाली नाही.

---

तिखटमीठ

आलाच हिटलर. स्वित्झर्लंडने १८९३ मध्ये सार्वमत घेऊन बंदी घातली, नॉर्वेने १९३० मध्ये. तेव्हा कुठे होता तो?

---

उंबरठा

स्विस सार्वमताच्या वेळचा प्रचार वाचा. पूर्वेकडून येणाऱ्या ज्यूंबद्दल जे बोललं गेलं त्यात बैलाचा वाटा फार थोडा होता.

---

प्रश्नचिन्ह

मला दोघांशीही भांडायचंय, पण जास्त धागाकर्त्याशी.

तुम्ही सगळ्या नियमांना दयेचं लेबल लावलंत. परंपरा स्वतः एवढी सरळ नाही. घरट्याचा नियम घ्या: पिल्लं किंवा अंडी घ्यायची तर आधी पक्षिणीला उडवून लावायचं (अनुवाद २२). वाटतं ना, आईच्या मायेची कदर? मिश्नात, म्हणजे तालमुदातल्या मूळ नियमसंग्रहात, मात्र स्पष्ट आहे की प्रार्थनेत कुणी ‘पक्ष्याच्या घरट्यापर्यंत तुझी दया पोचते’ असं म्हणू लागला तर त्याला गप्प करा. गेमाराने, म्हणजे मिश्नावरच्या तालमुदातल्या चर्चेने, त्याचं एक कारण दिलंय ते असं, की तो देवाच्या आज्ञांना दया ठरवतो, आणि त्या तर फर्मान आहेत.

म्हणजे शोखेतची सुरी गुळगुळीत असते ती फर्मान आहे म्हणून. जनावराला कमी दुखलं तर तो वरचा फायदा. उद्या कमी दुखवणारी पद्धत निघाली, निघालीच आहे, तर हा धर्म तिकडे वळेल का? वाइनबर्गांची गोष्ट तुम्ही अभिमानाने सांगितलीत, पण त्यातून तुमच्या विरुद्धच सिद्ध होतं.

---

उंबरठा

@प्रश्नचिन्ह, चांगला वार. पण ते एक मत झालं. रॅम्बाम, म्हणजे बाराव्या शतकातले मायमोनिडीज, स्वतः वैद्य होते. त्यांनी लिहून ठेवलंय की पिल्लासाठी जनावराच्या आईला जे दुःख होतं त्यात आणि माणसाच्या दुःखात फरक नाही, कारण माया ही बुद्धीतून येत नाही. शेखितेमागेही मरण सोपं व्हावं हाच हेतू ते सांगतात. रामबान, म्हणजे तेराव्या शतकातले नाखमानिडीज, वेगळं बोलतात, की हे नियम माणसाला दयाळू करायला आहेत. दोघांचं जमत नाही, पण ‘नुसतं फर्मान’ म्हणून दोघेही थांबलेले नाहीत.

आणि रब्बी यहुदा हनासीची गोष्ट तालमुदातच आहे. मिश्ना ज्याने संकलित केली तो हा माणूस. कापायला नेत असलेलं एक वासरू पळत येऊन त्याच्या झग्यात डोकं खुपसून रडायला लागलं. तो म्हणाला, जा, तुला त्यासाठीच निर्माण केलंय. स्वर्गात ठरलं की याला दया नाही, याच्यावर दुखणी येऊ देत. ती आली, तेरा वर्षं राहिली. मग एके दिवशी मोलकरीण घर झाडताना मुंगसासारख्या एका प्राण्याची पिल्लं केरात लोटत होती, तेव्हा हा म्हणाला, राहू दे त्यांना, देवाची दया त्याच्या सगळ्या निर्मितीवर आहे. दुखणी गेली.

यहुदा नियमाने चूक नव्हता बरं का! वासरू कापणं कायदेशीरच होतं. तरी शिक्षा झाली.

---

प्रश्नचिन्ह

आणि वासराचं काय झालं?

---

उंबरठा

ते तालमूद सांगत नाही.

---

पालेभाजी

एवढा काथ्याकूट कशाला? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणसाला झाडपाला आणि फळं दिलीत. मांसाची मुभा प्रलयानंतर नोहाला मिळाली, तीही रक्त सोडून. ब्रिटिश काळातल्या पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी कूक यांनी हेच मांडलं, की मांसाहार ही माणसाच्या कमकुवतपणाला दिलेली तात्पुरती सवलत आहे. सवलतीच्या अटींवर युरोपच्या न्यायालयांत भांडण्यापेक्षा सवलतच सोडावी.

---

तिखटमीठ

@पालेभाजी, कूकनीच हेही लिहिलंय की माणसांनी माणसांना छळणं थांबवायच्या आधी असा आग्रह धरणं घाईचं होईल. तेवढं कुणी फॉरवर्ड करत नाही.

---

शनवारतेली

आयडीवरून ओळखलं असेलच. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. आमच्या पूर्वजांचे गावोगाव तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे, म्हणून गावाने नाव पाडलं. इतिहासात हे माणसांच्या विश्रांतीचं म्हणून सांगतात. पण घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही दिवसभर दावणीला, डोळ्यांवरची झापडं काढून. निर्गम २३ आमच्याकडे असा पाळला गेला, बहुतेकांना वाचता येत नसतानाही. तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, हरवला होता, हिब्रू विसरली होती. एक शेमा प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम एवढं उरलं होतं. बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या ज्यू माणसाने आम्हाला ज्यू म्हणून ओळखलं तेही मासळीवरून, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, त्यांनी पर आणि खवले नसलेली बाजूला काढली.

माझं मत कुणालाच आवडणार नाही. या नियमाचा जनावराला खरा फायदा सुरीने होत नाही, अडचणीने होतो. कापणारा हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, गावात नसला की मांस नाही. आजी म्हणायची, हज्जान आला तर कोंबडी, नाही तर वाल. वर शेजाऱ्यांचा मान राखून जुन्या पिढीत गाईचं मांस बहुतेक घरांत नव्हतंच. आता इस्रायलच्या सुपरमार्केटात कोशेर, म्हणजे ज्यू नियमांत बसणारं, मांस हवं तेव्हा मिळतं, आणि नियम तेच असूनही जनावरं किती कापली जातात ते बघा.

भारतात हा वाद का नाही, असंही कुणी विचारेल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २८ बघा. कोणत्याही समाजाच्या धर्माप्रमाणे जनावर मारणं त्यात गुन्हा ठरत नाही. मिटला विषय. जनावराच्या दृष्टीने मिटला का, ते वेगळं.

---

खाटीकआळी

धंद्यातला माणूस म्हणून दोन शब्द. सुरीवर एवढी चर्चा चालली आहे, पण जनावराचे हाल सुरीच्या आधी होतात. धरायचं कसं, पाडायचं कसं, ओढायचं कसं. घाबरलेलं जनावर धार लागायच्या आधीच अर्धं मेलेलं असतं. चांगल्या हाताचा कापणारा असला आणि जनावर उभं, शांत असलं तर ते मान टाकतं, फार झटके देत नाही. पण दिवसाला शेकडो गुरं काढायची म्हटल्यावर कुठला चांगला हात आणि कुठलं शांत?

दक्षिण अमेरिकेत इस्रायलसाठी कापताना वर्षानुवर्षं जिवंत गुराच्या पायाला साखळी लावून त्याला उचलायचे किंवा लोळवायचे. ते कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते दाखवा. अमेरिकेत तर स्वच्छतेच्या नियमामुळे लटकवणं सुरू झालं, जनावर आधीच्या रक्तात पडू नये म्हणून. पुढे उभं धरायचे पिंजरे आले आणि टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राणितज्ज्ञ बाईंनी त्यात सुधारणा केल्या. शेखिता तीच, जनावराचे हाल निम्म्यावर. कायदा करायचाच तर पिंजऱ्याचा करा.

---

शेल्डेकाठ

फ्लँडर्समधल्या अँटवर्पमध्ये राहतो, हिऱ्यांच्या धंद्याशी संबंध आहे. इथे कट्टर ज्यू आणि पालनपुरी जैन एकाच गल्लीत माल बघतात. जैन मित्राला बंदीबद्दल विचारलं तर तो हसून म्हणाला, दोन्ही बाजूंच्या ताटात तेच आहे.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. कोशेर मांस बंद झालं नाही, बाहेरून येऊ लागलं. आयातीला मनाई नाही आणि न्यायालयाने हे बंदीच्या बाजूने मोजलं. म्हणजे बैल भुलेशिवायच कापला जातो, फक्त सरहद्दीपलीकडे. वर त्याच देशात ब्रसेल्सच्या प्रांतिक संसदेने २०२२ मध्ये हाच प्रस्ताव फेटाळला, त्यामुळे तासाभराच्या अंतरावर कायदा वेगळा.

ऑस्ट्रियाची वाट मला बरी वाटते. गळा आधी कापायचा, त्याच क्षणी भूल द्यायची. सुरी लागताना जनावर धडधाकट, म्हणजे शास्त्राची मुख्य अट राहिली. तिखटमीठ म्हणतात तो मणक्याच्या रक्तवाहिन्यांचा प्रश्नही बराचसा सुटतो.

---

तिखटमीठ

ऑस्ट्रिया मान्य. पण काही रब्बींनी तेही नाकारलंय, तेव्हा उंबरठा यांनी सांगावं: कापल्यानंतरची भूल नाकारताना ‘धडधाकट’ची सबबही उरत नाही. मग काय उरतं?

---

उंबरठा

काही रब्बींनी नाकारलंय, काहींनी चालवून घेतलंय, आणि नाकारणाऱ्यांची बाजू इथे मला कच्ची वाटते. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो. ज्यू कायद्याला आतून हलवता येतं. न्यू यॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन, त्यांच्या शब्दाला कट्टर मंडळींतही मोठा मान, त्यांनी १९८० च्या दशकात लिहिलं की वासरांना अंधाऱ्या खोपटात कोंडून, हलू न देता वाढवणं निषिद्ध आहे. इस्रायल एकेकाळी फ्वा ग्राच्या, म्हणजे बळेच खाऊ घालून फुगवलेल्या हंस-बदकांच्या यकृताच्या, मोठ्या उत्पादकांपैकी होता. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हंसांच्या घशात नळी घालून खाणं कोंबण्याच्या विरोधात निकाल दिला. तो धंदा करणाऱ्या युरोपातल्या मोजक्या देशांत बेल्जियम आजही आहे.

---

प्रश्नचिन्ह

न्यायालयाने दिला, रब्बींनी नाही.

---

उंबरठा

त्या निकालात ज्यू परंपरेतल्या प्राणिदयेचा आधार घेतलाय. वाचून बोला.

---

खाटीकआळी

हंस, वासरू, सगळं झालं. कोंबडीबद्दल अजून कुणी बोललं नाही. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आधी काही लोक जिवंत कोंबडी डोक्याभोवती फिरवून पाप उतरवतात, आणि शुल्खान आरुख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारोंनीच ती प्रथा बंद करावी असं म्हटलंय. तरी चालू आहे. पिंजऱ्यांत उन्हात थप्पी लावून ठेवलेल्या कोंबड्या असतात, तिथे तुमची नखावरची सुरी काय करणार?

---

शनवारतेली

@खाटीकआळी, पैसे फिरवून दान करायची पद्धतही आहे. बरीच मंडळी आता तेच करतात.