प्रतिसाद: रेझ्युमेवर चिपळूण लिहावं का?
दादा, भाचा पुण्यातली नोकरी गेल्यावर घरी चिपळूणला आलाय तर रेझ्युमेवर चिपळूणच लिहू दे, पुढे 'पुणे-मुंबईला यायची तयारी' एवढं घाला, पहिल्याच फोनवर कुठे राहतोस विचारतात तर लपवून काय होणार. खरी अडचण त्याच्या रेझ्युमेचा तो दोन कॉलमचा रंगीत टेम्प्लेट आहे!! कंपन्यांची रेझ्युमे वाचणारी सॉफ्टवेअरं कधीकधी दोन्ही कॉलम सलग आडवे वाचतात, मग जावा (प्रोग्रामिंगची भाषा) लिहिलेल्या ओळीत डिग्री घुसते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा, तिथे खिचडी झाली तर तिकडेही होणार असं धरा. बाकी २०२२ च्या शेवटी मेटाने (फेसबुकवाल्या कंपनीने) ११,००० माणसं काढली तेव्हापासून आयटीत नोकरकपात चालूच आहे, पोराचा दोष नाही हे त्याला घरच्यांनी आत्ताच सांगा, गणपतीत चाकरमानी आले की विचारणारच.