कादंबरी वाचताना शब्दकोश जवळ हवाच का?

वाचनवेडी:
माझं ठाम मत आहे, पेशवाईवरची कादंबरी वाचताना कोश मिटून ठेवावा. 'खाना' म्हणजे जागा, हे दवाखाना-कारखान्यामुळे आपल्याला ठाऊकच असतं. मग हत्ती बांधलेत तो पीलखाना, चुली पेटल्यात तो मुदपाकखाना. अबदारखाना जरा अडवतो, पण पंजाबातला 'आब', म्हणजे पाणी, तोच इथेही आहे. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था तिथे. असा स्वतः सोडवलेला शब्द डोक्यातून जात नाही. दर पानाला कोश उघडायला लावला की मुलं पुस्तकच बाजूला ठेवतात.

कोशप्रेमी:
अजिबात पटलं नाही. तुमच्याच पद्धतीने जामदारखाना सोडवा. गझला ऐकणारा म्हणेल, जाम म्हणजे प्याला, म्हणजे ही मद्याची खोली! प्रत्यक्षात तिथे 'जामा' आहे, अंगरखा. वस्त्रं, दागिने, किमती ऐवज ठेवायची ती जागा. 'श्रीमंत जामदारखान्याकडे वळले' एवढंच वाक्य असेल तर संदर्भ काय सांगणार? पुण्यात फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, तंबू-सतरंज्यांचं कोठार कुणाच्या मनात येतं? दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) आता फोनवर फुकट बघता येतो. आळस कशाला?

वाचनवेडी:
आळसाचा प्रश्नच नाही. एकच वाक्य वाचून कादंबरी कोण मिटतं? पुढे तिथूनच शालजोड्या निघतात, किल्ल्या कुणाकडे यावरून भांडणं होतात. तिसऱ्यांदा शब्द येईपर्यंत अंदाज आपोआप सुधारतो.

नववी_ब_च्या_बाई:
संस्कृत शब्दांपुरती मी कोशप्रेमींच्या बाजूची. आहार, विहार, प्रहार, संहार, सगळ्यांचा धातू एकच, 'हृ'. त्यावरून अर्थ काढून दाखवा! जुना श्लोकच आहे, 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते', उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो. शिवाय मराठीने कित्येक शब्दांचे अर्थ पार बदललेत. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, चेष्टा म्हणजे हालचाल. मुळावर विसंबलेलं मूल इथे हमखास चुकतं. अर्थ कळल्यावर मात्र मी धातू आवर्जून सांगते, त्याने शब्द पक्का बसतो.

वाचनवेडी:
बाई, मग अंदाज आधी करू द्या ना. मुलांनी पेन्सिलीने समासात लिहावा आणि प्रकरण संपल्यावर कोशात बघावं.

कोशप्रेमी:
प्रकरण संपल्यावर चालेल. पण बघायचंच, सोडून द्यायचं नाही.